दुपारी दोन वाजता लावला, तर खरखरच येणार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत शॉर्टवेव्ह रेडिओवर पानभर लेख आला होता. लेखकमहाशयांनी कुतूहल म्हणून हातात मावेल असा एक सेट घेतला, सुटीच्या दिवशी दुपारी दोनला पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला, ४९ मीटरच्या पट्ट्यापासून बटण फिरवायला सुरुवात केली, अर्धा तास खरखर ऐकली आणि 'शॉर्टवेव्हचा जमाना संपला' असा निकाल देऊन मोकळे झाले. सोबतच्या चौकटीत पाच सेटची तुलना होती. निकष दोनच, बँड म्हणजे पट्टे किती आणि मेमरी म्हणजे स्टेशनं साठवायच्या जागा किती.

लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. दुपारी दोन वाजता ४९ मीटरवर खरखरच ऐकू येते. सेट धडधाकट असल्याची ती खूण आहे. रात्री नऊला त्याच आकड्यांवर तेवढीच खरखर आली असती, तर मात्र मी म्हटलं असतं की कुठेतरी पाणी मुरतंय.

मी कोण हे आधी सांगते, म्हणजे कुठल्या कंपनीची वकिली करत नाही हे कळेल. मी टेलिफोन ऑपरेटर होते. सुरुवातीची बरीच वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे फोन हाताने जोडायच्या फळ्यावर, काढली. कानाला हेडफोन, पुढ्यात दोऱ्या आणि प्लग, आणि रात्रपाळीला लांबच्या लाइनीवर एवढा गोंगाट की पलीकडचा माणूस 'पाठवा' म्हणतोय की 'थांबवा', हे नुसत्या चढउतारावरून ओळखायचं. दोन्ही शब्द तीन अक्षरांचे, दोन्ही 'वा'वर संपणारे. चूक झाली तर कुणाचा तरी माल गोदामात अडकायचा. निवृत्त झाल्यावर घरातली शांतता अंगावर यायला लागली तेव्हा मी शॉर्टवेव्ह सेट घेतला. त्या कानाला काहीतरी काम हवं होतं.

गेल्या वर्षी माझा भाचा असाच वैतागून आला. "मावशी, हा तूच ठेव बाई. यात काही लागत नाही. मी फसलो."

"कुठे ठेवून ऐकलास?"

"टेबलावर. कॉम्प्युटरशेजारी."

"मग आधी तुझं घर ऐकू," मी म्हटलं. त्याला वाटलं मावशीचं वय झालं.

रात्री आठच्या सुमाराला त्याच्याकडे गेलो. सेट सेलवर चालू केला, एरियल पूर्ण वर काढली, ३१ मीटरवर म्हणजे साडेनऊ मेगाहर्ट्झच्या आसपास लावला. आत एक करकर होती, ओल्या फांद्या पेटत नाहीत तेव्हा नुसत्या तडतडतात तशी, आणि तिच्याखाली एक जाड गुणगुण. भाच्याला म्हटलं, मीटरपाशी जा आणि मेन स्विच खाली कर. तो "अगं पण..." म्हणत गेला. घरात अंधार झाला आणि रेडिओत एक माणूस बोलायला लागला.

तो माणूस मघापासून बोलतच होता. अंधारात भाचा काही वेळ काही बोलला नाही.

मग मेन वर करून एकेक खोलीचा स्विच चालू करत गेलो. बाहेरची खोली चालू केली, काही फरक नाही. स्वयंपाकघर चालू केलं, थोडी कुजबुज. झोपायची खोली चालू केली आणि ती करकर आली तशी परत आली. खोलीत चार प्लग. तीन काढून झाले तरी करकर तशीच. चौथा होता मोबाइलचा चार्जर. त्याला मोबाइल लावलेलाही नव्हता, नुसताच भिंतीत बसला होता. तो उपटला आणि बाईसाहेब गप्प. जाड गुणगुण होती ती न्हाणीघरातल्या एलईडी दिव्याची. तो दिवा लावला की यायची, मालवला की जायची. बाकीच्या सहा दिव्यांचा काही त्रास नव्हता.

हे का होतं ते समजून घ्यायला फार खोलात जावं लागत नाही. जुने अडॅप्टर जड असायचे, आत लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर असायचा. नवे हलके असतात, कारण ते वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून हवा तो दाब तयार करतात. या तोडजोडीचे पडसाद वर थेट शॉर्टवेव्हपर्यंत पसरतात, आणि भिंतीतल्या वायरी त्यांची एरियल होऊन बसतात. चांगल्या चार्जरमध्ये हे अडवणारे दोन-चार सुटे भाग असतात. स्वस्तातल्या चार्जरमध्ये वाचवायला नेमके तेच सापडतात. राउटर, टीव्ही, इन्व्हर्टर, दिव्याची उजेड कमी-जास्त करणारी कळ, सगळी एकाच कुळातली मंडळी. म्हणून शॉर्टवेव्ह ऐकताना सेट शक्यतो सेलवरच चालवावा, आणि सोबत आलेल्या चार्जरवर तर आधी संशय घ्यावा.

शेजाऱ्याच्या घराचा मेन स्विच आपण खाली करू शकत नाही, हे खरं. पण गोंगाट अंतराबरोबर भराभर उतरतो. भिंतीपासून दोन-तीन पावलं लांब, खिडकीशी, गॅलरीत, गच्चीवर असं सरकत जाऊन पाहावं. काँक्रीटच्या भिंतीत लोखंडी सळ्यांची जाळी असते, तिच्या आत बाहेरून येणारी लहर आधीच अर्धमेली होऊन पोचते. मी माझ्या घरात हातात चालू सेट घेऊन फिरले होते, बाळाला फिरवतात तशी. फ्रिजच्या वरची जागा, जिथे मी रेडिओ ठेवायचं मनात योजलं होतं, ती घरातली सगळ्यात वाईट निघाली. सगळ्यात चांगली निघाली जिन्याच्या खिडकीची कड. तिथे आता एक स्टूल आहे.

आता वेळेचं. आपल्या लेखात याचा उल्लेखच नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे.

सूर्य वर असतो तोवर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा हवेचा एक थर खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. त्याच्या बऱ्याच वर, अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, दुसरा थर आहे. तो लहरी वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो, आणि म्हणून हजारो मैलांवरचं केंद्र आपल्याकडे लागतं. रात्री खालचा गिळणारा थर विरून जातो आणि खालच्या फ्रिक्वेन्सींना वाट मोकळी होते. त्याच वेळी वरचा थर अशक्त होतो आणि उंच फ्रिक्वेन्सी त्याला न जुमानता अवकाशात निघून जातात. म्हणून दिवसा १९, १६, १३ मीटर, संध्याकाळी २५ आणि ३१, रात्री ४१ आणि ४९. ३१ मीटर सगळ्यांत भरवशाचा, वेळी-अवेळी काहीतरी देतोच. मीटर आणि मेगाहर्ट्झचा गोंधळ होत असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागावं, मीटर मिळतात. ९.६ मेगाहर्ट्झ म्हणजे ३१ आणि वर थोडे.

हे माझं पदरचं नाही. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर, बीबीसीने तिथल्या लोकांसाठी शॉर्टवेव्हवर रोज चार तास इंग्रजी बातम्या सुरू केल्या. तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी चार ते सहा १५७३५ किलोहर्ट्झवर, आणि रात्री दहा ते बारा ५८७५ वर. आकडे शेजारी ठेवून पाहा. दिवसाउजेडी १९ मीटर, रात्री ४९. आपल्या लेखकमहाशयांनी बरोबर उलटा मुहूर्त साधला.

सूर्य उगवताना आणि मावळताना तर अर्धा-पाऊण तास गंमतच असते. खालचा थर झटपट जातो, वरचा अजून टिकून असतो, आणि एरवी कधी न लागणारं लांबचं स्टेशन वीस मिनिटं स्वच्छ ऐकू येऊन विरून जातं. शिवाय सूर्याचं स्वतःचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र आहे. सध्याचं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी ते भराच्या काळात पोचल्याचं जाहीर केलं. भराच्या काळात १६ आणि १३ मीटर छान चालतात. पण सूर्यावर मोठा भडका उडाला की पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला शॉर्टवेव्ह काही मिनिटं ते तासभर ठार बंदही पडते. असं झालं की मी पूर्वी सेटला थापटा मारायचे. आता थोडं थांबते.

आज कोणता पट्टा उघडा आहे हे तपासायचा माझा उपाय सांगते. अमेरिकेतली दोन सरकारी केंद्रं दिवसरात्र वेळ सांगतात. कोलोरॅडोतलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि हवाई बेटांवरचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच. ५, १०, १५ मेगाहर्ट्झवर ही दोन्ही असतात. चीनचं बीपीएमही याच आकड्यांवर टिकटिक करतं. टिकटिक ५ वर येतेय की १५ वर, यावरून कोणता पट्टा उघडा आहे ते कळतं. कोलोरॅडोची वेळ पुरुषाच्या आवाजात असते, हवाईची बाईच्या. तो आवाज जेन बार्बी यांचा. त्या २००३ मध्ये गेल्या. हयातभर त्यांनी टेलिफोन कंपन्यांसाठी 'हा नंबर अस्तित्वात नाही' छापाच्या सूचना ध्वनिमुद्रित केल्या होत्या. हे मला कळलं तेव्हा एकदम बोर्डावरची शेजारीण भेटल्यासारखं झालं. पहाटे कधीतरी १० मेगाहर्ट्झवर खरखरीतून त्यांचा आवाज येतो. आम्हाला शिकवायचे तसाच, ना घाई ना गोडवा, प्रत्येक आकडा सुटा.

आणखी एक. वेळापत्रकं जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत असतात आणि वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बदलतात. "कालपर्यंत लागत होतं, आज गायब" हा फोन मला वर्षातून दोनदा येतो. एक जास्तीचं घड्याळ यूटीसीवर लावून ठेवावं, रोज बेरीज-वजाबाकी करू नये. मीही चुकलेय, तारखेसकट.

आता त्या चौकटीकडे येते.

'१२ बँड' हे वाचून माणसाला वाटतं की सेटमध्ये बारा निरनिराळ्या गोष्टी आहेत. जुन्या पद्धतीच्या सुईवाल्या सेटमध्ये बँड म्हणजे त्याच एका पट्टीचे केलेले तुकडे. आठ करा, बारा करा, सेट तोच. उलट काही बारा बँडवाल्यांत दोन तुकड्यांच्या मधली जागा गाळलेली असते. पाहायचं ते हे की सेट सलग कुठून कुठवर जातो. माझ्याकडे सध्या टेकसनचा पीएल-३३० आहे. तो १७११ किलोहर्ट्झपासून २९९९९ पर्यंत मध्ये न थांबता जातो. (त्याला बीएल-५सी बॅटरी लागते, नोकियाच्या जुन्या मोबाइलमध्ये असायची ती. मोबाइलने आमचं एक्स्चेंज बंद पाडलं, आता त्याचीच बॅटरी मला रेडिओ ऐकवते. हिशेब बरोबर झाला.) हाच घ्या असं मी म्हणत नाही. प्रवासात कुठेही मिळणारे साधे पेन्सिल सेल चालणारा सेट कित्येकांना जास्त सोयीचा पडेल.

मेमरी किती हे तर मी शेवटी पाहीन. आकडे थेट दाबून स्टेशन लावता येतं का, हे आधी. ज्या सेटला आकड्यांचा कळफलक नाही, त्यावर ६ वरून १५ मेगाहर्ट्झवर जाताना अंगठा दुखतो आणि ऐकायची हौस फिटते.

मग आतल्या रचनेचा प्रश्न. साध्या सेटमध्ये आलेली लहर एकदाच खाली उतरवतात, ४५५ किलोहर्ट्झवर. अशा सेटमध्ये प्रत्येक जोरदार स्टेशनची सावली खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खाली पडते. मला हे माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. माझ्या पहिल्या सेटवर आकडे दिसायचे, पण आतून तो साधाच. त्यावर ८७९० ला मला एक स्टेशन सापडलं, जे कुठल्याही वेळापत्रकात नव्हतं. महिनाभर मी वहीत नोंदी केल्या. वेळ, भाषा, संगीत. मला वाटलं, काहीतरी गुप्त हाती लागलंय. एका रात्री सहज ९७०० ला गेले तर तोच निवेदक तेच वाक्य पुरं करत होता. ती वही मी अजून ठेवली आहे, नातवंडांपासून लपवून. हा घोळ टाळायला चांगल्या सेटमध्ये लहर दोन टप्प्यांत उतरवतात, त्याला डबल कन्व्हर्शन म्हणतात. हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये चिपच सगळी गाळणी आकडेमोडीने करते, त्याला डीएसपी. खोक्यावर हे शब्द शोधावेत, बँडची संख्या नव्हे. डीएसपीवाल्यांचीही एक खोड आहे. स्टेशन क्षीण झालं की काही सेट आपणहून आवाज दाबतात, 'तुम्हाला त्रास नको' म्हणून. मला त्रास हवा असतो. पाठवा आणि थांबवा यांतला फरक त्या त्रासातच असतो.

गाळणीची रुंदी बदलता येते का, हे मी सगळ्यांत वर ठेवते. शॉर्टवेव्हवर स्टेशनं पाच-पाच किलोहर्ट्झवर दाटीवाटीने बसलेली असतात. शेजारचं जोरदार असलं की त्याची किरकिर आपल्यात शिरते. गाळणी ६ वरून ३ किंवा ४ किलोहर्ट्झवर आणली की शेजारी बाहेर राहतो. आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो, पण शब्द कळतात. टेलिफोनच्या तारेतून तरी माणसाचा अख्खा आवाज कुठे जायचा? ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी, बाकी सगळं कापलेलं. तेवढ्यावर लोकांनी लग्नं जमवली आणि मोडली. त्यातही एक युक्ती आहे. उपद्रवी शेजारी वरच्या बाजूला असेल तर आपण नेमक्या आकड्यापेक्षा एक-दोन किलोहर्ट्झ खाली सरकून ऐकावं. आवाज थोडा चिरका होतो, पण शेजारी लांब जातो.

एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे लहरीची एकच बाजू पाठवायची पद्धत) हे अक्षर-त्रिकूट असेल तर थोडे जास्त पैसे जाऊ द्यावेत. ते नसलेल्या सेटवर हौशी रेडिओवाल्यांचं बोलणं बदकाच्या बडबडीसारखं ऐकू येतं. असेल तर बदकाचा माणूस होतो. १० मेगाहर्ट्झच्या खाली हे लोक बहुधा एलएसबी म्हणजे खालची बाजू वापरतात, वर यूएसबी म्हणजे वरची बाजू. ७ ते ७.२ आणि १४ ते १४.३५ मेगाहर्ट्झला फेरी मारावी. ६६७६ आणि ११३८७ वर, यूएसबीत, आशियातल्या मोठ्या विमानतळांचं हवामान वैमानिकांसाठी वाचून दाखवतात. कोरडं असतं. झोप छान लागते. टेकसनच्याच पीएल-६६० मध्ये आणि सोनीच्या आता न बनणाऱ्या आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर मध्ये सिंक्रोनस डिटेक्टर म्हणून एक सोय होती. स्टेशन पाण्याखाली जाऊन वर आल्यासारखं हेलकावतं, तेव्हा ती त्याला धरून ठेवते. जुना सेट कुणी देत असेल तर आधी सेलचा कप्पा उघडून पाहा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आभार मानून परत द्या.

दुकानात शॉर्टवेव्ह तपासायचा प्रयत्न करू नये. शंभर दिवे आणि पन्नास चार्जर चालू असतात, जगातला सर्वोत्तम सेटही तिथे मुका होतो. दुकानात एरियलचा बुडखा डुगडुगतो का ते पाहावं, कळा दाबून पाहाव्यात, आणि दोन दिवसांत परत घेणार का ते विचारून ठेवावं.

एरियलबद्दल लोकांचे गैरसमज भरपूर. मध्यमलहरींसाठी सेटच्या पोटात फेराइटची कांडी असते, म्हणून तिथे सेट गोल फिरवला की फरक पडतो. शॉर्टवेव्ह बाहेरच्या दांड्यावर येते, सेट फिरवून फारसं साधत नाही, जागा बदलून साधतं. दांडा बंद करताना टोकावर तळहात ठेवून दाबू नये. खालची जाड नळी धरून एकेक टप्पा आत घ्यावा. भाच्याने दाबला होता, त्याचा मधला टप्पा अजून वाकडा आहे.

यापुढची पायरी म्हणजे पाच-सात मीटर साधी प्लास्टिकच्या आवरणाची तार. एक टोक सोलून चिमट्याने दांड्याला लावायचं, दुसरं खिडकीबाहेर, विजेच्या तारांपासून लांब. एवढ्याने फरक पडतो. जास्त लोभ करू नये. मी एकदा वीस मीटर तार ताणली होती. सेट इतका भरून गेला की प्रत्येक आकड्यावर चार स्टेशनं एकदम बोलायला लागली, आणि नेहमीचं क्षीण स्टेशन त्या गर्दीत बुडालं. छोटे सेट लांब तार सोसत नाहीत. बाजूला 'डीएक्स-लोकल' अशी कळ असेल तर ती याचसाठी असते. आणि ढग गडगडायला लागले की तार काढून ठेवायची, पाऊस सुरू व्हायची वाट पाहायची नाही.

लेखातलं एक मात्र मी मान्य करते. स्टेशनं कमी झाली आहेत. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२ मध्ये शॉर्टवेव्हवरून गेले. रेडिओ ऑस्ट्रेलिया, ज्यांच्या सुरुवातीला कुकाबुरा पक्ष्याचं हसू वाजायचं, ३१ जानेवारी २०१७ ला. बीबीसीची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० ला. ती शेवटची सभा मी ऐकली नाही, मुद्दामच. पण बीबीसीचं इंग्रजी आहे, रेडिओ रोमानिया आहे, न्यूझीलंडचं पॅसिफिककडे बोलणारं केंद्र आहे, कोरियाचं केबीएस, तुर्कस्तान, क्यूबाचं हवाना आहे, आणि चीन तर असा सर्वत्र आहे की मधे दुसरं काही लागलं की बरं वाटतं. आपल्या सेटचा दोष की स्टेशनच बंद, असा प्रश्न पडला तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून कुणालाही फिरवता येतो. तिकडून येतं आणि आपल्याकडे येत नाही, म्हणजे वेळ, घर किंवा अंतर. मी तो एवढ्यापुरताच वापरते. दुसऱ्याच्या एरियलवर ऐकण्यात मला मजा वाटत नाही.

आपणाला विनंती अशी की पुढच्या रविवारी त्या चौकटीखाली दोन ओळींची दुरुस्ती छापावी. कुठल्या वेळी कुठला पट्टा, आणि मेन स्विच. आणि लेखकमहाशयांनी सेट परत केला नसेल, तर एखाद्या संध्याकाळी सूर्य मावळताना तो गच्चीवर न्यावा, सेलवर चालवावा, ९४०० पासून ९९०० किलोहर्ट्झपर्यंत पाच-पाचने सरकत जावं. प्रत्येक आकड्यावर निदान वीसपर्यंत मोजावं. स्टेशन लगेच बोलत नाही, कधी कधी श्वास घेत असतं.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर

ता. क. : लेखासोबतचा फोटो भिंगातून पाहिला. सेटच्या मागे भिंतीत एक पांढरा चार्जर बसवलेला दिसतो. त्याला मोबाइल लावलेला नाही.